न घेतलेल्या करातून उभे राहणारे रस्ते

खराडी, मुंढवा, म्हाळुंगे या भागांतले काही डीपी, म्हणजे विकास आराखड्यातले, रस्ते पुणे महापालिकेने अलीकडच्या वर्षांत क्रेडिट नोटच्या बोलीवर करायला घेतले. खर्च विकसक करतो. महापालिका त्याला रोख पैसे देत नाही, तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट देते. पुढे बांधकाम परवानगीसाठी जी शुल्के भरावी लागतात, त्यांतून ही रक्कम वळती होते. यावर शहरात बरीच वादावादी झाली. एखाद्याचे सरकारी देणे माफ करायचे आणि त्या बदल्यात रस्ता पदरात पाडून घ्यायचा, ही रीत मात्र पुण्यात किंवा काल-परवा जन्मलेली नाही.

सुरुवात झाली ती अगदी उलट विचाराने. मोटारी वाढल्या, खडीचे रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडू लागले आणि लोकल बोर्डांकडे दुरुस्तीलाही पैसा उरेना, तेव्हा १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाचे ग्रंथालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तिथे अभ्यासाला बसणाऱ्या किती जणांना रस्त्यांच्या पैशाशी असलेले त्यांचे नाते ठाऊक असेल, कोण जाणे. समितीचे म्हणणे होते की रस्त्यांचा भार आता प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना पेलणारा नाही. पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो केवळ रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. त्यानुसार १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांची वाढ झाली आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. ज्याची गाडी धावते त्याने भरावे, असा रोखठोक हिशोब. पुढे पेट्रोलवरचे कर वाढत गेले, त्यांतला रस्ते निधीत जाणारा वाटा मात्र त्या मानाने वाढला नाही. या निधीला कायद्याचे बळ मिळायला २००० साल उजाडले.

दरम्यान सरकारी तिजोरी आटली होती. १९९५ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्याच्या कलम ८०-आयएमध्ये पायाभूत सुविधा आणल्या. खासगी कंपनीने रस्ता किंवा पूल उभारून चालवला, तर पहिली पाच वर्षे त्याच्या नफ्यावर आयकर नाही आणि पुढे काही वर्षे अंशतः सूट. २००१ मध्ये ही सवलत आणखी सढळ झाली: वीस वर्षांतली सलग कोणतीही दहा निवडा आणि त्यांत पूर्ण करमाफी घ्या. टोलच्या धंद्यात सुरुवातीची वर्षे तोट्यात जातात, म्हणून नफ्याची वर्षे निवडण्याची ही मुभा फार मोलाची होती. साहजिकच जो तो या दारातून आत शिरू लागला. सरकारी बिलावर डांबर टाकणारा कंत्राटदारही ‘मी विकसक’ म्हणू लागला. अखेर २००७ आणि २००९ च्या दुरुस्त्यांनी नुसत्या कंत्राटी कामाला ही सवलत नाही, असे स्पष्ट केले, तेही २००० पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. पुढे न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षे खटले चालले. १ एप्रिल २०१७ पासून सुरू होणाऱ्या नव्या सुविधांना हे दार बंद झाले.

पुणेकरांच्या डोळ्यांसमोर असलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग मात्र मुख्यतः कर्ज आणि टोल यांवर उभा राहिला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने तो बांधला आणि २००४ मध्ये पंधरा वर्षांची टोलवसुली ९१८ कोटी रुपयांना आयआरबी या खासगी कंपनीकडे दिली. टोलवर इतके लिहून झाले आहे की इथे तेवढेच पुरे.

करसवलतीचा रस्त्यांशी असलेला संबंध मध्यमवर्गीय घरात शिरला तो कलम ५४-ईसीमधून. पेठेतला वाडा विकसनाला दिला किंवा कोथरूडचा जुना फ्लॅट विकला, की सीए हमखास सांगायचा, ‘एनएचएआयचे बाँड घ्या.’ राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या रोख्यांची ही सोय २००० पासूनची; प्राधिकरणाने २०२२ पासून हे रोखे काढणे थांबवले. विक्रीनंतर सहा महिन्यांत भांडवली नफा अशा बाँडमध्ये गुंतवला, तर त्यावर कर नाही; मर्यादा ५० लाखांची. मुदत आधी तीन वर्षे होती, २०१८ पासून पाच झाली आणि सवलतही जमीन-इमारतींच्या नफ्यापुरतीच उरली. नफ्यावरचा कर २० टक्के होता तेव्हा पूर्ण ५० लाख गुंतवणाऱ्याचे दहा लाख वाचत. म्हणूनच तो बँकेपेक्षा कमी आणि वर करपात्र असलेले व्याज निमूटपणे स्वीकारत असे. महामार्ग प्राधिकरणाला स्वस्त पैसा मिळाला. फरक भरला आयकर खात्याने, म्हणजे इतर करदात्यांनी. जुलै २०२४ मध्ये हा दर साडेबारा टक्के झाल्यावर तीच बचत सव्वासहा लाखांवर आली आणि अशा बाँडची ओढही तितकीच सैल झाली.

केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत सोडून दिलेल्या महसुलाचे विवरणपत्र मांडते. आकड्यांवर वाद घालता येतो, पण निदान आकडे समोर असतात.

शहरातल्या रस्त्याचे गणित वेगळे, कारण तिथे डांबरापेक्षा जमीन महाग. पुण्यात १९९७ पासून जमिनीच्या मोबदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देण्याची सोय झाली. मालकाने रस्त्यासाठी जागा सोडायची, त्याला बांधकामाचा हक्क कागदावर मिळतो आणि तो दुसऱ्या बांधकामासाठी विकता येतो. महापालिकेच्या खिशातून दमडी जात नाही. निदान तसे वाटते. प्रत्यक्षात तीच महापालिका प्रीमियम घेऊन जादा एफएसआयही, म्हणजे वाढीव बांधकामाची परवानगीही, विकते, म्हणजे एकाच गिऱ्हाईकासाठी दोन दुकाने. टीडीआरचा भाव पडला की जागामालक रोख मागतात. २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढवल्यावर तर त्यांना रोखच परवडू लागली. कात्रज-कोंढवा रस्ता त्याचे ठसठशीत उदाहरण. ८४ मीटर रुंदीचा हा रस्ता भूसंपादनात असा अडकला की शेवटी आधी ५० मीटरच करायचे ठरले, आणि त्यासाठीही राज्य सरकारपुढे हात पसरावा लागला.

या सगळ्यात २०१३ मध्ये जकात गेली. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्या उत्पन्नाची भरपाई राज्याकडून हप्त्याने येऊ लागली. स्वतःच्या हातातली मोठी साधने म्हणून मिळकतकर आणि बांधकाम परवानगीची शुल्के उरली. मिळकतकर वाढवायला कोणताही नगरसेवक सहसा धजावत नाही. स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्क्यांची जुनी सवलत काढली गेली तेव्हा इतका गदारोळ झाला की २०२३ मध्ये ती परत द्यावी लागली. क्रेडिट नोट नेमकी बांधकाम शुल्कांना हात घालते. त्यातून रस्ता लवकर होतो, हे खरेच. निविदा, निधी, त्याचे एका कामाकडून दुसऱ्याकडे वर्गीकरण या फेऱ्यांत दहा वर्षे काढण्यापेक्षा बरेच. पण तो आधी होतो तो ज्या भागात गृहप्रकल्प येऊ घातला आहे तिथे. धायरी-आंबेगावच्या गल्लीबोळांत, जिथे बांधकामे होऊन चुकली आहेत आणि नवे शुल्क भरणारा कोणी नाही, तिथे या नोटेला वळती होण्यासारखे काही सापडतच नाही. शिवाय आजची नोट उद्याच्या बांधकाम नकाशाच्या शुल्काला लावली जाते, तेव्हा ज्या स्थायी समितीच्या अंदाजपत्रकात तेवढे उत्पन्न कमी पडेल ती समिती ही नोट देणारी असेलच असे नाही.