उपवादळात आधी काय घडते? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

पृथ्वीच्या रात्रीकडच्या बाजूला तिचे चुंबकीय क्षेत्र सौरवाताच्या, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या, ओढीने लांब शेपटीसारखे ताणलेले असते. त्या शेपटीत साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते, तेव्हा ध्रुवीय आकाशात प्रकाश उसळतो आणि भूचुंबकीय उपवादळ सुरू झाले असे म्हणतात. या उसळीची सुरुवात शेपटीत नेमकी कुठे होते, हा वाद काही दशके चालू आहे. प्रश्न घटनांच्या क्रमाचा असल्यामुळे उत्तर नेहमीच नोंदी किती थोड्या अंतराने घेतल्या गेल्या यावर अवलंबून राहिले, आणि या नोंदींच्या इतिहासाचे एक टोक मुंबईत, कुलाब्याला आहे.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली आणि तिथे चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये सुरू झाली. निरीक्षक टांगलेल्या चुंबकाचे विचलन दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचत आणि आकडा वहीत उतरवत. एरवी तासाला एकदा, पण चुंबक अस्वस्थ झाला की पंधरा, प्रसंगी पाच मिनिटांनी. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर तेजस्वी उद्रेक पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या वहीत क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) कोसळल्याची नोंद झाली. मुंबईच्या अक्षांशावर एरवीच्या मोठ्या चुंबकीय वादळात ही घट काहीशे नॅनोटेस्लांची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पानाला आजही का महत्त्व आहे ते कळते.

१८७२ पासून फोटोग्राफिक कागदावर सलग आलेख उमटू लागला. १८९६ मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेल्या नानाभॉय मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी दोन खंडांत संकलित करून १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. तोवर ट्राम विजेवर चालवण्याचे ठरल्याने तिच्या प्रवाहापासून उपकरणे दूर नेणे भाग पडले होते. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडली गेली. ‘अलिबागहून आलास का?’ असे मुंबईत हिणवून विचारतात. भूचुंबकत्वात मात्र मुंबईलाच अलिबागला जावे लागले.

त्याच सुमारास, १९०२-०३ मध्ये, नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्केलांड ध्रुवीय प्रदेशात ठाणी मांडून बसले होते. तिथे रात्री वारंवार येणाऱ्या लहान, तीव्र विक्षोभांना त्यांनी ‘प्राथमिक ध्रुवीय वादळे’ म्हटले आणि त्यांमागे चुंबकीय रेषांवरून वातावरणात उतरणारे विद्युतप्रवाह असावेत असे मांडले. ब्रिटिश गणितज्ञ सिडनी चॅपमन यांना हे मान्य नव्हते. प्रवाह वरच्या वातावरणातच वाहतात ही त्यांची बाजू गणिती दृष्ट्या अधिक नेटकी होती आणि ती बराच काळ टिकली. बिर्केलांड बरोबर होते हे उपग्रहांच्या मोजमापांतून १९६० आणि १९७० च्या दशकांत स्पष्ट झाले. गंमत अशी की त्या लहान वादळांना पुन्हा मध्यभागी आणले ते चॅपमन यांचेच शिष्य स्युन-इची अकासोफू यांनी. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे १९५७-५८ मध्ये, संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून त्यांनी १९६४ मध्ये उपवादळाचा क्रम मांडला : शांत प्रकाशकमानींपैकी विषुववृत्ताकडची कमान एकाएकी उजळते, उजेड ध्रुवाकडे पसरतो आणि मग सारे सावकाश निवते.

ऊर्जा येते कुठून, याचे उत्तर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डंजी यांनी १९६१ मध्येच सुचवले होते. सौरवातातील क्षेत्र दक्षिणाभिमुख असले की ते पृथ्वीच्या क्षेत्ररेषांशी जोडले जाते, त्या रेषा मागे ओढल्या जातात आणि शेपटीत पुन्हा जोडल्या जातात. पण त्या ठरावीक क्षणीच का जोडल्या जाव्यात? येथून प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूच्या, अस्थिरतांचा शोध सुरू झाला. शेपटीच्या मध्यातील विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा आपोआप फाटू शकतो, ही ‘टेअरिंग’ अस्थिरता १९६६ मध्ये पृथ्वीच्या शेपटीला लावली गेली. पुढे १९८२ मध्ये लेंबेज आणि पेला यांनी दाखवले की पडद्याला छेदून जाणारे थोडेसे क्षेत्रही इलेक्ट्रॉनांना बांधून ठेवते आणि पडदा फाटू देत नाही. म्हणून काही जणांनी लक्ष पृथ्वीजवळच्या भागाकडे वळवले, जिथे वाकलेल्या रेषांवर तप्त प्लाझ्माचा दाब फुगवटे निर्माण करतो किंवा प्रवाहच खंडित होतो.

तेव्हा दोन पक्ष पडले. एकाच्या मते सुरुवात पृथ्वीच्या सुमारे वीस त्रिज्या अंतरावर रेषा पुन्हा जोडल्या जाण्याने होते, दुसऱ्याच्या मते सुमारे दहा त्रिज्यांवर प्रवाह तुटण्याने. निर्णयासाठी फेब्रुवारी २००७ मध्ये नासाच्या ‘थेमिस’ मोहिमेचे पाच उपग्रह सोडण्यात आले. २६ फेब्रुवारी २००८ च्या उपवादळात त्यांना आधी सुमारे वीस त्रिज्यांवर पुनर्जोडणी दिसली, ९६ सेकंदांनी ध्रुवीय प्रकाश उसळला आणि त्यानंतर पृथ्वीजवळचा प्रवाह विस्कटला. मला हा पुरावा भक्कम वाटतो, पण तो एका रात्रीचा आहे. इतर उपवादळांत हाच क्रम मिळतो का, यावर मतभेद आहेत.

उपवादळाची चाहूल अलिबागलाही लागते. ध्रुवीय रात्रीत प्रकाश उसळताच येथील रात्रीच्या आलेखावर एक लहानसा फुगवटा येतो, नकाशातील किनाऱ्याच्या आखातासारखा दिसणारा. आणि त्यासोबत ४० ते १५० सेकंद आवर्तकाळाची, झपाट्याने विरणारी स्पंदने उमटतात. ही स्पंदने सुरुवातीची वेळ ठरवायला उपयोगी पडतात, कारण ती ध्रुवांपासून दूरही स्पष्ट दिसतात. तासाला एकदा वाचणाऱ्या कुलाब्याच्या निरीक्षकाला ती सापडणे शक्यच नव्हते. १८५९ ची घट पृथ्वीभोवतीच्या कंकणाकृती प्रवाहाची होती की ध्रुवीय प्रवाह काही काळ मुंबईच्या दिशेने सरकल्याची, यावर अजून वाद चालतो तो याच कारणाने : त्या दिवशीच्या वहीत सर्वांत जवळच्या दोन नोंदींमध्येही पाच मिनिटांचे अंतर आहे.