सीलबंद सबवूफर की पोर्टवाला? आधी खोली बघा, मग वॅट

लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, दुकानात जाऊन "चांगला दणक्याचा सबवूफर दाखवा" म्हटलं की समोरून पहिला आकडा वॅटचा येतो. (सबवूफर म्हणजे फक्त खालचा, भारदस्त आवाज, म्हणजे बेस काढणारी पेटी.) कोणी पाचशे सांगतो, कोणी हजार, आणि खोक्यावर पीएमपीओ छापलेलं असेल तर पाच हजारसुद्धा. पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल ताकद; तो आकडा वाचूच नका. त्याला ठरलेलं एकसारखं मोजमाप नाही. बघायचाच असेल तर आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, बघा. पण तोही बघून निर्णय होत नाही, कारण खरा फरक पेटीत आहे. शेजारी ठेवलेल्या दोन काळ्या पेट्या सारख्याच दिसतात. एक सगळीकडून बंद असते, दुसरीला पुढे किंवा मागे एक गोल भोक असतं आणि त्यामागे आत एक नळी. त्यालाच पोर्ट म्हणतात. ते भोक शोभेचं आहे, नाहीतर हवा खेळायला दिलंय, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो सबवूफर किती खोल जाणार, किती मोठा वाजणार आणि कोणत्या घरात शोभणार, हे त्याच भोकावर ठरतं.

एसव्हीएस या अमेरिकन कंपनीचे एसबी-१००० प्रो आणि पीबी-१००० प्रो हे दोन सबवूफर घ्या. दोन्हींत १२ इंची स्पीकर, दोन्हींत ३२५ वॅट आरएमएसचा अॅम्प्लिफायर. पहिला सीलबंद, दुसरा पोर्टवाला. पोर्टवाल्याची पेटी आकारमानाने दुपटीहून मोठी, आणि सिनेमातले अगदी खालचे आवाज तो सीलबंद भावापेक्षा जास्त जोरात काढतो. वॅट तेवढेच, इंचही तेवढेच. मग हा जास्तीचा जोर येतो कुठून?

सीलबंद पेटीत हवा कोंडलेली असते. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा, आत गेला की ती दाबली जाते आणि कोनाला परत ढकलते, बाहेर गेला की मागे ओढते. म्हणजे आतली हवाच स्प्रिंगचं काम करते. एडगर विल्चर यांनी हे तत्त्व वापरून १९५४ मध्ये अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१ स्पीकर आणला आणि लहान पेटीतूनही खोल बेस निघतो हे दाखवून दिलं. या पेटीत कोनाच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज आतच राहतो, त्याचा उपयोग होत नाही.

पोर्टच्या पेटीत तोच मागचा आवाज कामाला लावलेला असतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठराविक सुरात घुमते. पेटी आणि तिचा पोर्ट तसेच एका ठराविक फ्रिक्वेन्सीला (सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात) घुमतात, तिला ट्यूनिंग म्हणतात. त्या फ्रिक्वेन्सीला कोन जवळजवळ जागच्या जागी थांबतो आणि आवाजाचं बहुतेक काम नळीतली हवा करते. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांना याचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. पण पेटी किती लिटरची, नळी किती लांब, हे पुढची अनेक वर्षं अंदाजावर चाललं. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये याचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते पुढे नेलं. आज सुट्ट्या स्पीकरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे पेटीच्या गणिताला लागणारे आकडे दिसतात, ते या दोघांच्या कामातून आलेले.

खालच्या आवाजाला एवढी खटपट का लागते तेही बघा. ४० हर्ट्झचा आवाज जेवढ्या जोरात काढला, तेवढ्याच जोरात २० हर्ट्झचा काढायचा तर त्याच कोनाला चौपट लांब हलावं लागतं. आणि वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल एवढी वाढ. त्यामुळे ३०० वॅटच्या जागी ६०० वॅटचा घेतला म्हणजे दणका दुप्पट झाला, हा हिशेब चुकतो. हवा किती सरकते यावर सगळं आहे. ती सरकवायला मोठा कोन लागतो, लांब हालचाल लागते, नाहीतर पोर्टची मदत लागते.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पोर्टवाला बेस "ढिला" आणि सीलबंद बेस "टाईट" असं सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ढिलेपणाचा दोष भोकाचा नसतो, ते कुठल्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलंय त्याचा असतो. बाजारातल्या स्वस्त होम थिएटरमध्ये पाच-सहा इंची स्पीकर, छोटी पेटी आणि आखूड नळी असते. अशी पेटी ५०-६० हर्ट्झच्या आसपास घुमते. गाणं कुठलंही लावा, ढोलकी असो की बेस गिटार, प्रत्येक ठोक्याला तोच एक सूर निघतो. पहिली पाच मिनिटं तो भारी वाटतो आणि दुकानात आपण पाच मिनिटंच ऐकतो. ट्यूनिंगच्या खाली तर आवाज एकदम कोसळतो, कारण तिथे नळीतून आणि कोनातून येणारे आवाज एकमेकांना खोडतात. दर सप्तकाला २४ डेसिबलने घसरण. सीलबंद पेटीत ती १२ डेसिबलची, म्हणजे बरीच सावकाश.

हे आकड्यांत पाहायचं तर शेतातला चार इंची पीव्हीसी पाइप डोळ्यांपुढे आणा. १०० लिटरच्या पेटीला त्याची अर्धा मीटर लांबीची नळी बसवली तर ट्यूनिंग साधारण २० हर्ट्झवर येतं. तोच पाइप १० सेंटीमीटरवर कापला की ट्यूनिंग चढून ३७ हर्ट्झच्या जवळ जातं. पेटी तीच, स्पीकर तोच. मग लांब नळीच बसवू ना! पण १२ इंची कोन जोरात चालला की चार इंची नळीतून हवा फुसफुसते आणि ती फुसफुस ऐकू येते. ती टाळायला सहा इंची नळी घेतली, तर २० हर्ट्झसाठी तिची लांबी सव्वा मीटरच्या घरात जाते. ती पेटीत मावायची कशी? म्हणून चांगला पोर्टवाला सबवूफर लहान असूच शकत नाही. उशीएवढ्या पेटीला भोक दिसलं आणि खोक्यावर "२० हर्ट्झ" छापलेलं असलं, तर त्या आकड्यापुढे "उणे-अधिक ३ डेसिबल" लिहिलंय का ते बघा, म्हणजे तिथपर्यंत आवाजाचा चढउतार तेवढ्यातच राहतो. नसेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

सुताराकडून पेटी करून घेणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं. आपल्याकडे १२ इंची गाडीचा वूफर आणून प्लायची पेटी ठोकून घेणारे पुष्कळ आहेत. सीलबंद पेटीत दोन-चार लिटर इकडेतिकडे झाले तरी चालून जातं, सांधे मात्र हवाबंद हवेत. पोर्टच्या पेटीत लिटर आणि नळीची लांबी मोजून काढावीच लागते. "भोक पाडून देतो, बेस सुटंल" एवढ्या भरवशावर पेटी करून घेऊ नका. ट्यूनिंगच्या खालचा आवाज आला की कोनामागचा हवेचा आधार सुटतो, तो मोकाट हलतो आणि कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी, मागच्या लोखंडावर आपटते. कंपनीच्या चांगल्या सबवूफरमध्ये हे थांबवणारं फिल्टर आत असतं. घरी केलेल्या पेटीत ते आपल्यालाच लावावं लागतं.

आता खोलीकडे. मराठवाड्यात एकाच गल्लीत स्लॅबचं घर, पत्र्याचं घर आणि जुना माळवदाचा वाडा शेजारी-शेजारी असतात, आणि तिघांत एकच सबवूफर तीन तऱ्हांनी वाजतो. १२ बाय १४ चा विटांच्या भिंतींचा, वर स्लॅब असलेला हॉल धरा. चौदा फूट लांबीला खोलीची पहिली स्वतःची घुमण्याची फ्रिक्वेन्सी ४० हर्ट्झच्या आसपास येते. त्याखाली दारं-खिडक्या लावल्या असतील तर बंद खोलीच बेसला आधार देते आणि आवाज चढत जातो. सीलबंद पेटीचा आवाज खाली जाताना सावकाश उतरतो आणि ही खोली तो उचलून धरते. दोन्हींचा मेळ छान बसतो. अशा खोलीत ५० हर्ट्झला ट्यून केलेली स्वस्त पोर्टची पेटी ठेवली तर तिचं घुमणं आणि खोलीचं घुमणं एकत्र येऊन गाण्याचे शब्दसुद्धा गढूळ होतात.

पत्र्याच्या खोलीत उलटं. पत्रा हलका असतो, खालचा बेस त्यातून आरपार जातो, त्यामुळे खोलीची मदत फारशी मिळत नाही. खोल बेस हवा असेल तर मोठा पोर्टवाला सबवूफर तिथे उपयोगी पडतो. पण आधी पत्रा खडखडतो का ते बघा. बोल्टखालचे रबरी वायसर उन्हाने वाळून गेलेले असतात. ते बदलून बोल्ट आवळल्याशिवाय कुठलाही सबवूफर घेतला तरी बेसच्या बरोबरीने पत्राच ऐकू येईल. वाड्याच्या जाड भिंती आवाज चांगला धरतात, पण ओसरी अंगणाकडे उघडी असते आणि बेस तिकडे निघून जातो. तिथे मागच्या बंद खोलीत ऐकायची बैठक केलेली बरी. हॉल आणि स्वयंपाकघर एकच असलेल्या नव्या फ्लॅटमध्येही हवेचं आकारमान मोठं होतं आणि लहान सीलबंद सबवूफर दमतो.

ऐकणार काय, याचा विचार त्यानंतर. घरात हरिपाठ, भजन, गोंधळाची गाणी, भीमगीतं, जुनी सिनेमाची गाणी जास्त वाजत असतील तर पखवाजाची कणीक लावलेली धुम, संबळ, ढोलकी यांच्या आवाजाचा भार ढोबळमानाने ५० हर्ट्झच्या वरच असतो. चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा. याला चांगला १० किंवा १२ इंची सीलबंद सबवूफर पुरतो आणि ठोका वाजून जिथल्या तिथे थांबतो. तुळजापूरच्या गोंधळातलं संबळ ज्याने जवळून ऐकलंय, त्याला तो थांबणारा ठोका लगेच ओळखता येईल. सिनेमाचं वेगळं आहे. स्फोट, भूकंप, विमानाची घरघर यांत ३० हर्ट्झच्या खालचा पुष्कळ माल असतो आणि ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) त्यासाठी स्वतंत्र एलएफई चॅनेल, म्हणजे फक्त खालच्या आवाजांची वेगळी वाट, असतो. खोली मोठी असेल आणि सिनेमा हाच मुख्य शौक असेल, तर २० हर्ट्झच्या आसपास ट्यून केलेला मोठा पोर्टवाला घ्यावा. तेवढ्याच पैशांत तेवढा जोर सीलबंद देऊ शकत नाही. असा खाली ट्यून केलेला पोर्टवाला संगीतातही बिघाड करत नाही, कारण त्याचं घुमणं बहुतेक गाण्यांच्या खालीच राहतं.

आपल्याकडच्या दोन अडचणी खोक्यावर छापलेल्या नसतात. पोर्ट हे उघडं भोक आहे. त्यात झुरळ, पाल, कधी उंदराचं पिल्लू मुक्काम ठोकतं आणि आत अॅम्प्लिफायरच्या वायरी असतात. बंद असताना तोंडावर कापड टाकावं, चालू करताना आठवणीने काढावं. कायमची बारीक जाळी ठोकली तर हवेला अडथळा होऊन नळी फुसफुसते. दुसरी अडचण उन्हाळा. सीलबंद सबवूफर खालचा आवाज मुख्यतः अॅम्प्लिफायरच्या ताकदीवर उचलतो, म्हणून मोठ्या आवाजात त्याची कॉइल जास्त तापते, आणि तापलेली कॉइल कमी वाजते. मे महिन्याच्या दुपारी सलग तीन तासांचा सिनेमा मोठ्या आवाजात बघायचा असेल तर पेटीच्या मागे हातभर मोकळी जागा ठेवा. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात राहत असाल तर मागच्या प्लेटवर १०० ते २४० व्होल्ट चालतं का तेही वाचा. परदेशातून कोणी आणून देणार असेल तर तो फक्त ११० व्होल्टचा नाही ना, याची आधी खात्री करा.

दुकानात ऐकताना मोबाइलवर एक-एक पायरीने खाली जाणारा सूर घेऊन जा: ८०, ६०, ५०, ४०, ३० हर्ट्झ. आवाज मध्यम ठेवा. ५० ला एकदम उसळला आणि ४० ला गायब झाला तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो घेऊ नका. सावकाश उतरत गेला तर पेटी चांगली आहे. मोठ्या आवाजात ३० हर्ट्झला नळीच्या तोंडाशी हात धरा. हवा लागणारच, पण फुसफुस ऐकू यायला नको.

घरी आणल्यावर सबवूफर आधी आपल्या बसायच्या जागेवर ठेवा, एक बेसचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने कान खाली करून फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथे पेटी ठेवा. कोपऱ्यात जोर वाढतो, पण स्लॅबच्या लहान खोलीत घुमणंही वाढतं. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करावा. बाकीचे स्पीकर फार लहान असतील तर तो वर न्यावा लागतो.

१२ बाय १४ च्या स्लॅबच्या हॉलसाठी मला विचाराल तर मी १२ इंची सीलबंदच सांगेन, आणि पैसे साठले की पोर्टवाला मोठा घेण्याऐवजी तसाच दुसरा. दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले की खोलीतले चढउतार बरेच सपाट होतात. सोफ्यावर बसलेल्याला आणि दाराजवळच्या खुर्चीतल्याला जवळजवळ सारखाच बेस मिळतो, एका सबवूफरने ते सहसा जमत नाही.