पार्श्वभूमी : गन्स एन' रोझेस, मुंबई आणि रात्री दहाची मर्यादा

17 मे 2025 रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस या अमेरिकी हार्ड रॉक बँडचा कार्यक्रम झाला. डिसेंबर 2012 मध्ये हा बँड पहिल्यांदा भारतात आला आणि मुंबईतही वाजवून गेला, पण त्या वेळी मंचावर 1987 च्या पहिल्या अल्बममधील मंडळींपैकी केवळ गायक होता. मुख्य गिटारवादक आणि बासवादक 2016 मध्ये परतले. त्यामुळे केबल टीव्हीवर 1991-92 च्या सुमारास हा बँड पाहून त्याच्या नादी लागलेल्या आणि आता पन्नाशीकडे झुकलेल्या चाहत्याला हे तिघे एकत्र ऐकण्यासाठी 2025 उजाडावे लागले. या विलंबाचे एक कारण बँडमधील बेबनाव हे आहेच, आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मुंबईच्या बाजूने पाहिले तर दुसरे कारण या शहरातील जागांच्या आणि आवाजाविषयीच्या नियमांच्या इतिहासात सापडते, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

मुंबईतील रॉकचे घर दीर्घकाळ दक्षिण मुंबईतील धोबी तलावाचे रंगभवन होते. या खुल्या नाट्यगृहात 1978 मध्ये जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सव सुरू झाला, मार्च 1980 मध्ये द पोलीस हा त्या वेळी जगभर गाजत असलेला इंग्लिश बँड तेथे वाजवून गेला, आणि 1986 पासून स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरणाऱ्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाने येथेच मूळ धरले. बोरीबंदरला उतरून चालत जाता येईल अशा ठिकाणी, विद्यार्थ्याला परवडेल अशा तिकिटात, भर पावसाळ्यात हेवी मेटल हा रॉकचा अधिक जोरकस प्रकार ऐकायला मिळणे ही गोष्ट त्या पिढीला इतकी सवयीची झाली होती की ती कधी बंद होईल असे कोणाच्या मनातही आले नसावे.

14 फेब्रुवारी 2000 रोजी केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम लागू झाले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्या सभोवतालच्या किमान 100 मीटरच्या परिसराला त्यांत शांतता क्षेत्र मानले गेले, आणि तेथे दिवसा 50 व रात्री 40 डेसिबलची मर्यादा घातली गेली. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत बंदिस्त सभागृहाबाहेर ध्वनिक्षेपक लावण्यास सर्वत्र मनाई झाली. रंगभवनाला लागून महाविद्यालय आहे आणि जवळच जुनी सार्वजनिक रुग्णालये आहेत. दोन माणसांचे साधे बोलणे साधारण 60 डेसिबलपर्यंत जाते आणि रॉकचा कार्यक्रम 100 च्या वर, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमांनंतर तेथे काय उरले असेल ते सांगावे लागत नाही. त्या दशकाच्या आरंभीच रंगभवनाचा मंच मोठ्या आवाजाच्या संगीताला बंद झाला.

या निर्णयाचा वाद अजून शमलेला नाही. खाटेवर पडलेल्या रुग्णाला शांत झोप मिळण्याचा हक्क आहे आणि तो संगीताच्या हौसेपेक्षा वरचा आहे, यात दुमत असू नये. मात्र नियमांची अंमलबजावणी सर्वांच्या बाबतीत सारख्याच काटेकोरपणे झाली का, हा प्रश्न रास्त आहे. 2002 मध्ये नियमांत दुरुस्ती करून वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपक लावू देण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. महाराष्ट्रात हे दिवस प्रामुख्याने गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती आणि वर्षअखेर यांच्या वाट्याला जातात. पुढे 2017 मध्ये, राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरणार नाही, असा बदल झाला आणि त्यावरून पुन्हा न्यायालयीन लढाई झाली. म्हणजे जो निकष एका नाट्यगृहासाठी अढळ मानला गेला, तो उत्सवांचा प्रश्न आला तेव्हा लवचिक ठरला. रंगभवनाला मात्र त्या लवचिकतेचा लाभ झाला नाही. आवाजाची मर्यादा पाळू शकेल असे बंदिस्त, ध्वनिरोधक सभागृह त्याच जागी उभे करणे हा मधला मार्ग होता, आणि तो न घेतला जाणे हे प्रस्तुत लेखकाच्या मते शहराचे खरे नुकसान आहे.

त्यानंतर रॉक उत्तरेकडे सरकला. 1 फेब्रुवारी 2008 रोजी आयर्न मेडन या इंग्लिश बँडने आपल्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलात केला. गायक स्वतः वैमानिक असल्याने बँड आपल्या खास बोइंग 757 विमानाने आला होता. तरीही त्या काळात या प्रकारच्या संगीताची राजधानी म्हणून बंगळूरचेच नाव घेतले जाई. मेडनने भारतातील पहिला कार्यक्रम मार्च 2007 मध्ये तेथेच केला होता, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये मेटालिका या अमेरिकी मेटल बँडचा दिल्लीजवळचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला तेव्हा बंगळूरचा मात्र पार पडला. इंडिपेंडन्स रॉक एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर फिरत राहिला, मध्ये बंद पडला आणि 2022 मध्ये माझगावला पुन्हा भरला.

मैदानांचे अर्थकारण नाट्यगृहाहून अगदी वेगळे असते. मंच, कुंपण, जनरेटर, शौचालये आणि सुरक्षा हे सारे दोन-तीन दिवसांसाठी नव्याने उभारावे लागते, त्याचा बोजा तिकिटावर पडतो, आणि म्हणून मोठ्या नावाशिवाय असा घाट कोणी घालत नाही. महालक्ष्मी रेसकोर्सवर 2023 पासून लोलापालूझा हा संगीत महोत्सव भरू लागल्यावर दक्षिण मुंबईला अशी जागा पुन्हा मिळाली. रात्री दहाची मर्यादा तेथेही आहेच, आणि एके काळी तासन्‌तास उशिरा मंचावर येण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या बँडलाही त्या चौकटीत बसावे लागते. ही जागा तरी किती काळ राहील, हे स्पष्ट नाही. तेथील 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला असून, उरलेल्या भागात अशा कार्यक्रमांना किती वाव राहील ते उद्यानाचा आराखडा प्रत्यक्षात उतरेल तेव्हाच कळेल. रंगभवनाची उणीव भरून काढणारे, हजार-दोन हजार श्रोत्यांचे आणि रास्त दरातले ध्वनिरोधक सभागृह मात्र त्या आराखड्याबाहेरचा विषय आहे.