ॲस्टोरिया

ॲस्टोरिया : अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील एक नदीबंदर व क्लॅटसप काउंटीचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या १०,१८१ (२०२०). कोलंबिया नदी पॅसिफिक महासागराला मिळते तेथून साधारण २० किमी. आत, नदीच्या दक्षिण काठावर हे शहर वसले आहे. समोरचा काठ वॉशिंग्टन राज्यात मोडतो. रॉकी पर्वतापलीकडची अमेरिकनांची सर्वांत जुनी टिकलेली वसाहत म्हणून अमेरिकेत ते ओळखले जाते. भारतीयांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळेच आहे. परदेशातील भारतीयांनी स्वातंत्र्यासाठी उभारलेल्या गदर चळवळीच्या जन्मकथेत या गावाचे नाव येते.

येथे नदीचे पात्र सुमारे ६ किमी. रुंद आहे. पूर्वेला टंग पॉइंटचे भूशिर, दक्षिणेला यंग्ज बे ही खाडी आणि मध्ये कॉक्सकूम टेकडी अशी रचना असल्याने सपाट जमीन फारच थोडी. त्यामुळे घरे उतारावर चढत गेली आणि बाजारपेठ नदीत लाकडी खांब ठोकून त्यांवर उभी राहिली. पाऊस वर्षाला सुमारे १,७०० मिमी. पडतो. कोकणात पावसाळा चार महिन्यांत आटोपतो. येथे मात्र तो मुख्यतः हिवाळ्यात, रिपरिप करत पडतो आणि उन्हाळा त्या मानाने कोरडा जातो. समुद्राच्या सान्निध्यामुळे कडाक्याची थंडी नसते. भिजलेल्या उतारांवर दरडी घसरणे हा गावाचा जुना त्रास आहे.

ॲस्टोरियाचे भाग्य ठरवले ते नदीच्या मुखाने. कोलंबियाचा जोरदार प्रवाह आणि महासागराच्या लाटा समोरासमोर आदळतात तेथे वाळूचे दांडे साचतात आणि जागा बदलत राहतात. जहाजे फुटण्याच्या प्रमाणामुळे या किनाऱ्याला ‘पॅसिफिकचे स्मशान’ म्हणतात. १७९२ पासून येथे लहानमोठी सुमारे २,००० जहाजे निकामी झाली, असा अंदाज सांगितला जातो. १९०६ मध्ये वाळूत रुतलेल्या ‘पीटर आयरडेल’ या जहाजाचा गंजलेला सांगाडा आजही दक्षिणेकडच्या पुळणीवर दिसतो. वाट स्थिर करण्यासाठी १८८५ पासून दक्षिणेचा आणि पुढे उत्तरेचा दगडी बंधारा समुद्रात नेण्यात आला. तरीही मोठ्या जहाजावर मुखाची माहिती असलेला वाटाड्या चढल्याशिवाय ते आत येत नाही. ॲस्टोरियासमोर आल्यावर तो उतरतो आणि पुढच्या नदीप्रवासासाठी दुसरा वाटाड्या चढतो.

हे सारे होण्याच्या कितीतरी आधीपासून येथे चिनूक आणि क्लॅटसप लोक राहत होते. सॅमन मासा आणि नदीवरचा व्यापार यांवर त्यांची भरभराट झाली होती. रॉबर्ट ग्रे हा अमेरिकन नाखवा मे १७९२ मध्ये मुखातून आत शिरला आणि त्याच्या जहाजाचे नाव नदीला मिळाले. अमेरिकन सरकारने पश्चिमेच्या शोधासाठी पाठवलेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या तुकडीने १८०५–०६ चा हिवाळा जवळच्या फोर्ट क्लॅटसप येथे काढला. मार्च १८११ मध्ये न्यूयॉर्कचा व्यापारी जॉन जेकब ॲस्टर याच्या पॅसिफिक फर कंपनीचे ‘टोनक्विन’ जहाज आले. मुखातून वाट शोधतानाच त्यावरची आठ माणसे बुडाली. एप्रिलमध्ये ठाणे बांधायला सुरुवात झाली आणि मालकाच्या नावावरून त्याला ॲस्टोरिया म्हणू लागले. बीव्हर आणि समुद्री ऊद यांची कातडी चीनला नेऊन विकायची, असा बेत होता. तो दोन वर्षेच टिकला. ब्रिटनशी युद्ध सुरू झाल्याने १८१३ मध्ये ठाणे ब्रिटिशांच्या नॉर्थवेस्ट कंपनीला विकावे लागले आणि त्याचे नाव फोर्ट जॉर्ज झाले. १८१८ मध्ये अमेरिकेचा हक्क मान्य झाला, तरी व्यापार बराच काळ ब्रिटिशांच्याच हाती राहिला. सरहद्दीचा प्रश्न १८४६ च्या तहाने मिटला.

याच ठाण्यात १८२४ मध्ये रॅनल्ड मॅकडॉनल्डचा जन्म झाला. त्याची आई चिनूक प्रमुख कॉमकॉम्ली याची मुलगी, तर बाप स्कॉटिश व्यापारी होता. परक्यांना बंदी असलेल्या जपानमध्ये तो १८४८ मध्ये मुद्दाम उतरला आणि नागासाकीत कैदेत असताना त्याने दुभाष्यांना इंग्रजी शिकवले. त्याच्या आजोळच्या लोकांच्या वाट्याला मात्र साथीचे रोग आणि मोडलेली वचने आली. १८५१ मध्ये त्यांच्याशी झालेल्या करारांना अमेरिकन सिनेटने कधीच मंजुरी दिली नाही. २००१ मध्ये चिनूकांना जमात म्हणून केंद्र सरकारची मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. या शहराच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि तो अजून निवारलेला नाही.

खरे शहर वाढले ते सॅमनमुळे. १८७० नंतर नदीकाठी मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांची रांग उभी राहिली. डबे थेट ब्रिटनच्या कामगारवस्त्यांपर्यंत पोहोचत. मासे कापण्या-भरण्याचे काम मुख्यतः चिनी मजूर करत. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. नदीत जाळी टाकणाऱ्यांत फिनलंडहून आलेले लोक अधिक होते. युनियनटाउन ही त्यांची वस्ती. १८९६ च्या मोठ्या संपानंतर मच्छीमारांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढला. ‘टोवेरी’ हे फिनिश समाजवादी वृत्तपत्रही येथूनच निघत असे.

शहराच्या पूर्व टोकाला हॅमंड कंपनीची लाकूडकापणीची गिरणी होती. तेथे पंजाबी, बहुतेक शीख, मजूर काम करत. त्यांच्या वस्तीला गावातले लोक ‘हिंदू ॲली’ म्हणत. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅममधून जमावाने भारतीय मजुरांना हाकलून लावले होते. ॲस्टोरियात मात्र त्यांना त्या मानाने स्वस्थपणे राहता आले. १९१३ मध्ये येथील फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात भारतीय मजुरांची सभा भरली. हिंदी असोसिएशन ऑफ द पॅसिफिक कोस्ट या संघटनेच्या उभारणीतला हा मोठा टप्पा. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस आणि काशीराम खजिनदार झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ पत्र निघाले आणि संघटनेलाही तेच नाव चिकटले. परदेशी राबणाऱ्या मजुरांनी पदरमोड करून स्वातंत्र्याची सशस्त्र चळवळ उभी केली. त्यांना आसरा देणारे फिनिश लोकही रशियन झारच्या अमलाखालील देशातून आलेले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या चळवळीत मराठी माणसेही होती. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे ऑरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकत असताना त्यांनी पोर्टलंडमधल्या पंजाबी मजुरांत काशीराम यांच्यासह संघटनेचे काम केले होते. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले आणि गदरमध्ये सामील झाले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर त्यांना फाशी देण्यात आली.

१९२२ हे वर्ष शहराला फार जड गेले. सप्टेंबरमध्ये हॅमंडची गिरणी जळाली आणि भारतीय वस्ती विखुरली. ८ डिसेंबरला बाजारपेठ पेटली. १८८३ मध्येही मोठी आग लागली होती, तरी रस्ते पुन्हा लाकडी खांबांवरच बांधले होते. आग रस्त्यांच्या खालून धावत गेली आणि तीसएक चौकांची पेठ खाक झाली. पुढची बांधणी काँक्रीटची झाली. १९२० मध्ये लोकसंख्या १४,०२७ होती. त्यानंतरच्या कोणत्याही जनगणनेत तो आकडा पुन्हा गाठला गेलेला नाही. बेसुमार मासेमारी आणि वरच्या अंगाला बांधलेली धरणे यांमुळे सॅमन घटला. ट्यूना माशाने काही दशके हात दिला, पण तो डबाबंद करणाऱ्या ‘बम्बल बी’ कंपनीचा मोठा कारखाना १९८० मध्ये बंद पडला.

१९६६ मध्ये ॲस्टोरिया–मेगलर पूल खुला झाला आणि नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटी थांबल्या. पुलाची लांबी सुमारे ६.५ किमी. आहे. आज शहराचा भर पर्यटनावर आहे. कॉक्सकूम टेकडीवरचा ३८ मी. उंचीचा ॲस्टोरिया स्तंभ (१९२६) १६४ पायऱ्या चढून पाहता येतो. कोलंबिया नदी सागरी संग्रहालय आणि कॅप्टन फ्लॅव्हल याचे घरही पाहण्यासारखे आहे. चिनी मजुरांच्या स्मरणार्थ २०१४ मध्ये एक उद्यान खुले झाले. गदरची शताब्दी शहराने २०१३ मध्ये साजरी केली. पोर्टलंडहून महामार्ग ३० ने येथे सुमारे दोन तासांत पोहोचता येते.