कलामाझू नदी: रद्दीतून आलेले विष

रद्दीपासून नवा कागद करणे हे पर्यावरणाच्या भल्याचेच काम, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कलामाझू नदीच्या काठी मात्र नेमक्या याच कामातून नदी विषारी झाली. कार्बन न घालता दोन-तीन प्रती काढता येणाऱ्या पावतीच्या कागदाला मागच्या बाजूने अतिसूक्ष्म कुप्यांचा थर दिलेला असे. पेनाच्या दाबाने कुप्या फुटत, त्यांतला रंगहीन रंजक खालच्या कागदावरील मातीच्या लेपाला लागे आणि अक्षर उमटे. 1971 पर्यंत हा रंजक विरघळवण्यासाठी पीसीबी या गटातील क्लोरीनयुक्त तेले वापरली जात. कारखान्यांनी अशी रद्दी विकत घेतली, शाई धुऊन काढली आणि लगदा केला. शाईबरोबर सुटलेले पीसीबी करड्या गाळातून आणि सांडपाण्यातून पोर्टेज ओढ्यात व पुढे नदीत गेले.

पीसीबी पाण्यात जेमतेम विरघळतात, पण मेदात सहज मुरतात आणि फारच सावकाश विघटित होतात. तळाच्या गाळातले कण किडे खातात, किड्यांना लहान मासे आणि लहानांना मोठे मासे खातात, आणि प्रत्येक पायरीवर या रसायनाचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे नदीचे पाणी दिसायला नितळ असले, तरी तळाशी चरणाऱ्या कार्पच्या (आपल्याकडे तळ्यांत सायप्रिनस म्हणून वाढवतात तोच हा मासा) चरबीत ते मोठ्या प्रमाणात सापडू शकते.

मिशिगनमध्ये 17 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला गळ टाकण्यासाठी राज्याचा परवाना काढावा लागतो. परंतु परवाना मासा पकडण्याचा असतो, तो खाण्याजोगा असल्याची हमी त्यात नसते. ते काम आरोग्य खाते करते. कोणत्या नदीच्या कोणत्या टप्प्यातला, किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा आणि कोणता मुळीच खाऊ नये, याचे तक्ते ते प्रसिद्ध करते. त्यातली साफसफाईची सूचना मला विशेष शहाणपणाची वाटते: कातडी सोलावी, पोटाची, पाठीची आणि कुशीवरची गडद चरबी कापून टाकावी आणि तुकडे जाळीवर भाजावेत, म्हणजे उरलेली चरबी गळून जाईल. माशांत सापडणारे दुसरे विष, पारा, मात्र मेदात नव्हे, मांसात बसतो. त्यापुढे सुरीचे काही चालत नाही.

1990 मध्ये ही नदी केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत, म्हणजे सफाईसाठी निवडलेल्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत आली. सफाईत सर्वांत अवघड ठरली ती जुनी धरणे. त्यांच्यामागे विषारी गाळ साचला होता आणि वरचे बांधकाम उतरवून पाण्याची पातळी खाली आणल्यावर तो उघडा पडून काठांसह ढासळू लागला. माशांना वाट मोकळी व्हावी म्हणून धरण पाडायचे, तर आधी गाळ उपसायला हवा, नाहीतर तो थेट खालच्या प्रवाहात जाणार. प्लेनवेल येथे याच क्रमाने काम करून धरण हटवण्यात आले.

प्रदूषित जागांच्या सफाईला मिशिगनमध्ये पैसा येण्याचा एक मार्ग भलताच आहे. 1976 च्या जनमताने झालेल्या कायद्यानुसार बिअर आणि शीतपेयांच्या बाटल्या-डब्यांवर 10 सेंट अनामत घेतली जाते. रिकामी बाटली कुणी परत केलीच नाही, तर पडून राहिलेल्या रकमेचा चौथा हिस्सा दुकानदारांना आणि उरलेला राज्याला मिळतो. राज्याच्या वाट्यातील बराच भाग प्रदूषित जागांच्या सफाईनिधीत जातो. म्हणजे लोक जितक्या इमानाने बाटल्या परत करतील, तितकी त्या निधीची आवक आटते. महासाथीपूर्वी परतीचे प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास होते. 2020 मध्ये परतीची केंद्रे काही महिने बंद राहिली आणि त्यानंतर ते 80 टक्क्यांच्या खाली घसरले, त्यामुळे सफाईनिधीची बाजू मात्र भक्कम झाली.