मोर्स कोड, पण कोणता? अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय

स्काउटच्या वर्गात किंवा इंटरनेटवर ‘मोर्स कोड’ म्हणून, म्हणजे तारेने संदेश पाठवायच्या छोट्या (डॉट) आणि लांब (डॅश) खुणांचा, जो तक्ता दिसतो, तो सॅम्युएल मोर्सचा मूळ तक्ता नाही. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश गेला, त्यामागची लिपी वेगळी होती. तिला आता अमेरिकन मोर्स म्हणतात.

मोर्सच्या डोक्यात सुरुवातीला अक्षरं नव्हतीच. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक द्यायचा, तारेवरून फक्त आकडे पाठवायचे आणि पलीकडच्याने कोश उघडून शब्द शोधायचा, असा बेत होता. मग अक्षरांची लिपी आली. कोणती अक्षरं जास्त लागतात हे छापखान्यातल्या खिळ्यांच्या (अक्षरांच्या ठशांच्या) साठ्यावरून पाहिलं गेलं आणि सर्वाधिक लागणाऱ्या ‘ई’ला एकच डॉट मिळाला. या कामात मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याचा मोठा हात होता. त्याचं नाव इतकं मागे पडलं, हे मला खटकतं.

दोन्ही लिप्यांतला खरा फरक आहे विरामांचा. अमेरिकन मोर्समध्ये काही अक्षरांच्या पोटातच विराम असतो. तीन डॉट सलग आले तर ‘एस’, दोन डॉट, किंचित थांबून तिसरा आला तर ‘सी’, आणि एक डॉट, विराम, मग दोन आले तर ‘आर’. ‘एल’ म्हणजे नेहमीपेक्षा लांब डॅश. सरावलेल्या कानाला हे जमायचं, पण लांबच्या समुद्री केबलमध्ये खुणा पसरट होत आणि असे बारीक विराम बुजून जात.

१८४८ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग-कुक्सहाफेन तारमार्गासाठी फ्रीडरिश गेर्के याने हे पोटातले विराम आणि लांब डॅश काढून टाकले. थोड्या फेरफारांनंतर १८६५ च्या पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय तार परिषदेत तीच लिपी आंतरराष्ट्रीय ठरली. भारताच्या तारखात्यातही पुढे हीच चालली. अमेरिकेतल्या रेल्वेच्या तारा मात्र विसाव्या शतकातही जुनीच लिपी बोलत राहिल्या.

इंग्रजीच्या २६ अक्षरांपैकी १५ दोन्हीकडे सारखी आहेत. घोटाळा उरलेल्या ११ अक्षरांत होतो, कारण बऱ्याच खुणा तशाच राहून त्यांचे मालक बदलले. आजचा ‘सी’ जुन्या लिपीत ‘जे’ आहे, आजचा ‘आर’ तिथे ‘एफ’. सलग पाच डॉट म्हणजे आज ५, पूर्वी ‘पी’. आणि तीन डॅश म्हणजे आजचा ‘ओ’, तर जुन्या लिपीतला आकडा ५. त्यामुळे जहाजाची ‘एसओएस’ हाक अमेरिकन मोर्सने वाचली, तर ‘एस-५-एस’ अशी उमटते.