कझुंगुलाचा पूल वाकडा का बांधला, त्यामागची पार्श्वभूमी

बोत्स्वाना आणि झांबियाला जोडणाऱ्या, झांबेझी नदीवरच्या कझुंगुला गावाजवळच्या पुलाचे फोटो बघितले की पहिला प्रश्न पडतो की नदीच ओलांडायची होती तर एवढा बाक कशाला दिला. नदी सरळ ओलांडली असती तर पूल झिंबाब्वेच्या हद्दीत घुसला असता. झांबेझी आणि चोबे जिथे मिळतात तिथे झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया आणि झिंबाब्वे जवळपास एकाच जागी भिडतात, आणि त्यात बोत्स्वाना-झांबियाची आपसातली हद्द जेमतेम १५० मीटर, तीही नदीच्या पात्रात.

हा गुंता १८९० चा. जर्मनीला झांबेझीपर्यंत पोचायचं होतं म्हणून ब्रिटनशी करार करून कॅप्रिव्हीची लांबलचक पट्टी (आता ती नामिबियात आहे) पदरात पाडून घेतली, तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलंच नाही. पुढे १९६६ ला बोत्स्वाना स्वतंत्र झाला तेव्हा बाकी सगळ्या बाजूंना गोऱ्यांची राजवट होती, स्वतंत्र आफ्रिकेकडे जायला झांबियाकडची ही १५० मीटरची एवढीच फट. म्हणून तर १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेने चक्क सांगितलं की तुमची झांबियाशी अशी हद्दच नाही, बोत्स्वानाने ते मानलं नाही आणि अमेरिकेच्या मदतीने नाटा ते कझुंगुला रस्ता बांधून घेतला. १९७९ ला ऱ्होडेशियाच्या (म्हणजे आताच्या झिंबाब्वेच्या) सैन्याने इथली नदी ओलांडायची फेरीबोटच बुडवली. गावाच्या विकासाची गोष्ट सांगताना हा भाग गाळतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पूल एवढा उशिरा का झाला याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

राजवटी गेल्या, फेरी मात्र राहिली. डर्बन बंदरातून झांबिया आणि काँगोच्या तांब्याच्या पट्ट्याकडे जाणारे अवजड ट्रक इथे येऊन एकेक-दोनदोन करून तराफ्यावर चढायचे, त्यामुळे रांगेत दिवसच्या दिवस जायचे, कधीकधी आठवड्याच्या वर, आणि गावातला खाण्यापिण्याचा, राहण्याचा धंदा या अडकलेल्या ड्रायव्हर लोकांवरच चालायचा. २००३ मध्ये जास्त माल भरलेल्या ट्रकमुळे फेरी उलटली आणि १८ माणसं गेली.

२००७ मध्ये बोत्स्वाना आणि झांबियाचा पुलाचा करार झाला, काम २०१४ ला सुरू झालं, पैसे दोन्ही सरकारांचे शिवाय जपान आणि आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेचं कर्ज, बांधणारी कंपनी कोरियाची देवू. १० मे २०२१ ला उद्घाटन झालं, लांबी ९२३ मीटर, खर्च साधारण २६ कोटी डॉलर. सोबत वन स्टॉप बॉर्डर पोस्ट केलं, म्हणजे दोन्ही देशांचे कागद एकाच ठिकाणी, आणि मला विचाराल तर वेळ वाचवण्यात पुलाइतकाच वाटा या ऑफिसचा आहे.

पण ट्रक थांबेनासे झाले की थांबण्यावर पोट असणाऱ्यांनी काय करायचं, हे उद्घाटनाच्या भाषणांत येत नाही. गोदामं, गॅरेज, ट्रान्सपोर्टची ऑफिसं गावातच उभी राहिली तरच या वाहतुकीतला पैसा गावात राहील. पुलावर मधोमध रेल्वेसाठीही जागा ठेवलीये, तिला जोडणारी लाईन बोत्स्वानाच्या बाजूने मोसेत्सेपासून आणायचा प्लॅन आहे.